हाडकीवरची ठमाई

घाटाच्या वाटेला पायऱ्या नव्हत्या आणि सड्यावरच्या देवाला छप्पर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका आज्यानं ती नातवाला सांगितली, तो नातू आजा झाला, त्यानं आपल्या नातवाला सांगितली, अशी ती चालत चालत इथवर आली आहे. वाटेत तिला थोडी धूळ लागली असेल. पण बाई खरी होती, असं म्हणतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर एक सडा आहे. सडा म्हणजे कातळाचं पठार. कातळावर वीतभर माती, कुठं तेवढीसुद्धा नाही. पावसाळ्यात तिथं ढग जमिनीवर उतरून बसतात आणि शेजारच्या झोपडीतला दिवा दिसत नाही. पावसाळा सरला की कातळ तापतो आणि सगळीकडे नुसतं गवत सळसळत असतं. पश्चिमेच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं, आणि हवा निवळ असली तर कोकणाच्याही पलीकडे समुद्राची एक चकाकती रेघ दिसते.

या सड्यावर म्हशीवाल्या धनगरांची वस्ती होती. कारवीचे कूड, गवताची छपरं, आणि प्रत्येक झोपडीत माणसांपेक्षा म्हशींना जास्त जागा. वस्तीला गेळवाडा म्हणत. नाचणीचे दोन-चार तुकडे सोडले तर शेती नव्हती. म्हशी होत्या. लोणी आणि तूप खाली कोकणात न्यायचं, तांदूळ घेऊन वर यायचं, असं चाललेलं होतं.

ठमाई या गेळवाड्याची. अंगानं काटकुळी, आवाजानं मोठी. नवरा तरुणपणीच तापानं गेला, मुलगा घरजावई होऊन दुसऱ्या डोंगरावर गेला, आणि ही आपल्या म्हशी घेऊन एकटी राहिली. तिला राग लवकर येई आणि लवकर जाई. म्हशीनं शेपटीचा फटका मारला की ती म्हशीला शिवी घाली आणि त्याच हातानं तिचं मानेखालचं कातडं खाजवी. पोरं तिला मुद्दाम चिडवत, कारण चिडली की ती आधी ओरडे आणि मग हातावर लोण्याचा गोळा ठेवी. पण एकदा तिला असा राग आला की तो मेल्यावरही गेला नाही. त्या रागाचीच ही गोष्ट आहे.

आता हाडकी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. वाड्याच्या वरच्या अंगाला एक उघडा कातळ होता. म्हैस मेली की चौघं-सहाजण तिला ओढत तिथं नेत. मालकीण तिच्या कपाळाला हळद लावी, कानाशी वाकून म्हणे, "परत ये गं," आणि मागं न बघता निघून येई. कातडं खालच्या गावात जाई आणि वहाणा होऊन वर येई. मांस गिधाडं आणि कोल्हे खात. हाडं उरत. ती उन्हात पांढरी होत, पावसात हिरवी पडत, त्यांना मुंग्या लागत, शेवाळ लागे, आणि वर्षं गेली की ती बोटानं चुरडली जात. त्या कातळाला हाडकी म्हणत.

हाडकीचं पाणी पावसाळ्यात उतारानं खालच्या माळावर जाई. त्या माळाचं नाव दूधमाळ. तिथं चरलेल्या म्हशीचं ताक घुसळायला बसलं की लोणी रवीला धरून ठेवी, हात भरून येत. दूधमाळाचंच गवत असं का, हे कुणी कधी विचारलं नाही. "परत ये" असं मेलेल्या म्हशीला का म्हणायचं, हेही कुणी विचारलं नाही. सासू म्हणायची म्हणून सून म्हणायची.

मग एके वर्षी खिंडीतून बैलांची रांग वर आली. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या होत्या आणि पुढं एक हसऱ्या तोंडाचा व्यापारी होता. खालच्या बंदरावरचा. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. सगळे त्याला मीठवाला म्हणत.

सड्यावर मीठ म्हणजे काय, हे खालच्या माणसाला कळायचं नाही. माणसाला चिमूटभर पुरतं, पण पावसाळ्यात म्हशीला मीठ नसलं की ती रया जाऊन उभी राहते. मिठासाठी घाट उतरायचा, ओझं घेऊन घाट चढायचा, आणि वाटेत पाऊस गाठला तर घरी येईपर्यंत नुसती ओली गोणी उरायची. म्हणून मिठाची रांग दारात आलेली बघून बायका बाहेर धावल्या.

"लोणी किती घेणार?" ठमाईनं विचारलं.

"लोणी नको, आई. ती वर हाडं पडलीत ना, ती द्या."

"हाडं?"

"टोपलीभर हाडं, टोपलीभर मीठ. तुम्ही टाकून दिलेलं मी उचलून नेतो आणि वर मीठ देतो. माझ्यासारखा खुळा तुम्हाला पुन्हा भेटायचा नाही."

सगळे हसले. वाड्याचा कारभारी जानू, म्हणजे ठमाईचा धाकटा दीर, तो तर मांडीवर थाप मारून हसला. "हाड द्या, मीठ घ्या. ह्यात इचार तो काय करायचा?" म्हणाला. आणि कुणीच केला नाही.

सगळ्यांत जास्त हाडं ठमाईनं गोळा केली. तिला म्हशींची माया जास्त, म्हणून मीठही जास्त हवं होतं. हरणी नावाची तिची एक म्हैस होती. ठमाईला बाळंतपणात दूध नव्हतं, तेव्हा तिच्या मुलाला हरणीनं जगवलं होतं. हरणीचं कपाळाचं हाड शिंगांसकट हाडकीवर पडलेलं होतं. ते उचलताना ठमाईचा हात थबकला, असं म्हणतात. पण खाली म्हशी मिठाच्या वासानं हंबरत होत्या. तिनं ते टोपलीत टाकलं.

मीठवाला दर वर्षी येऊ लागला. जुनी हाडं संपली, मग अर्धी मातीत गेलेली उकरून काढली, मग नव्या मेलेल्या जनावरांची हाडं वाळायच्या आधीच गोणीत जाऊ लागली. हाडकी घासून पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ झाली. आणि वाडा मीठ खाऊन मजेत होता.

गवत येत होतं. हिरवंही दिसत होतं. पण ताक घुसळून हात दुखले तरी लोणी जमेना. रेडकं गुडघ्यांवर वाकायला लागली. म्हशी चरायच्या सोडून दगड चाटत उभ्या राहू लागल्या. कुणाची वहाण उंबऱ्याबाहेर राहिली तर सकाळी तिचा नुसता अंगठा सापडे. एकीनं दुसरीचं शिंग चघळलेलं लोकांनी बघितलं. आणि एके सकाळी एक भरल्या अंगाची म्हैस उठायला म्हणून पुढचे पाय टेकते तो कडकन आवाज झाला आणि तिचा पाय जागच्या जागी मोडला. ना घसरली, ना पडली. नुसती उठत होती.

लोक म्हणाले, नजर लागली. कुणी म्हणालं, देवाचं काहीतरी चुकलं. देवाला बोकड दिला. बोकडाचं मटण वाड्यानं खाल्लं आणि बोकडाची हाडं मीठवाल्यासाठी बाजूला ठेवली. बघा आता, काय म्हणायचं अशा माणसांना?

ठमाईची एक म्हैस होती, काजळी. सगळ्यांत शहाणी आणि सगळ्यांत हट्टी. एक दिवस ती चरता चरता कळपातून निघाली ती थेट वर चालू लागली. ठमाई शिव्या देत मागं गेली. काजळी हाडकीवर पोचली, तिथल्या एका भेगेत तिनं खुरानं उकरलं, आणि भेगेत राहून गेलेलं एक हाड तोंडात धरून चावू लागली.

गवत खाणारं जनावर. तोंडात हाड. डोळे मिटलेले, आणि दाताखालून करकर आवाज. ठमाईनं ते हाड काजळीच्या तोंडातून ओढून घेतलं आणि तिला घरी आणलं.

ही बातमी वाड्यात पोचायला वेळ लागला नाही. जानू कारभारी चार माणसं घेऊन ठमाईच्या दारात आला.

"वहिनी, तुमच्या म्हशीत हडळ शिरलीया. तिला कड्याखालच्या रानात सोडा. वाघ काय ते बघून घेईल."

"हडळ वाटेनं आली आसंल, तर तुमच्याच दारावरनं आली आसंल, भावजी. काल तुमची म्हस दाव्याचं चामडं गिळत हुती, ती मी बघितलीया."

"थट्टा न्हाय ही. एकीचं बघून समद्या बिघडतील. मीठवाला येऊन गेला की काजळीला सोडायची. वाड्यानं ठरवलंय."

वाड्यानं ठरवलं म्हणजे ठरलं. त्यापुढं बोलायचं नसतं. ठमाई आत जाऊन काजळीच्या पोटाला टेकून बसली. तिनं ते हाड हातात घेतलं. त्यावर काजळीच्या दातांचे खड्डे होते. जनावर उगाच काही खात नाही, एवढं तिला ठाऊक होतं. मिठाची भूक असली की मीठ चाटतं, तहान लागली की पाणी शोधतं. मग हिला हाडाची भूक का लागावी?  तिकडे मीठवाल्याचे बैल घाटाच्या पायथ्याशी आले होते.

मीठवाला आला. ठमाईच्या अंगणात बसून ताक प्याला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "आई, यंदा ताकात पाणीच फार की हो."

"म्हशी देतील ते खरं. का रं, तू ही हाडं न्हेतोस कुठं?"

"बंदरावर. तिथून बोटीत चढतात आणि दर्यापल्याड जातात."

"तितं त्यास्नी सोताची हाडं न्हाईत?"

मीठवाला खो खो हसला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला आपल्या धंद्याचं कौतुक होतं एवढंच. "आहेत की. पण पुरत नाहीत. मोठ्या जात्यात घालून त्यांचं पीठ करतात आणि ते पीठ शेतात फेकतात. बोटीवरचे खलाशी सांगतात, एका मुठीला गवत असं उठतं, की आत गाय शिरली तर तिची शिंगं दिसत नाहीत. आचळाला हात लावायच्या आधी धार सुटते. तुमच्या हाडांना तिकडे फार मान आहे, आई!"

ठमाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

असं म्हणतात, की त्या घटकेला तिला सगळं एकदम दिसलं. पाऊस हाडकीवर पडतो आणि हाडं झिजवतो. ते पाणी दूधमाळावर उतरतं, त्याचं गवत होतं. गवत म्हशीत जातं, तिचं दूध होतं, तिचं हाड होतं. म्हैस मरते आणि वर जाते. पुन्हा पाऊस, पुन्हा गवत. आजवर मेलेली एकही म्हैस सड्यावरून गेलेली नव्हती. "परत ये" म्हटलं की ती परत येत होती. हरणी परत आली असती. आणि हरणीला तिनं आपल्या हातानं टोपलीत घालून बोटीवर चढवलं होतं.

पहिला राग तिला स्वतःचा आला.  मग ती उठली आणि कुडाला खोचलेला कोयता तिनं उपसून घेतला.

अंगणात हाडांच्या गोण्या रचून ठेवलेल्या होत्या. तिनं पहिली गोणी उभी फाडली. हाडं खडखडत बाहेर पडली. दुसरी फाडली. तिसरी फाडत असताना जानू धावत आला.

"वहिनी! खुळं लागलं का काय?"

"व्हय, लागलं! लई उशिरा लागलं!"

"मीठ मिळायचं न्हाय. पोरं अळणी खातील."

"खातील! अळणी खाऊन मेलेलं एक पोर दाव मला. उभ्या जागी पाय मोडून मेलेल्या म्हशी मी तुला दावते, चल! देवाचा बोकड खाल्लास आन् त्याची हाडं इकाय ठेवलीस. लाज वाटली न्हाय तुला? मेलीच्या कानात परत ये म्हणता, आन् पोत्यात भरून दर्यापार धाडता? ती कशी येईल रं परत? कुठल्या वाटनं येईल?"

लोक गोळा झाले. कुणी हसलं, कुणी तिच्या हातातला कोयता बघून मागं सरलं. मीठवाला समजुतीनं म्हणाला, "आई, हा झालेला सौदा आहे."

"कुणासंगं झाला? म्हशीला इचारलंस? गवताला इचारलंस? आमी इकलं, पर आमचं हुतं का ते इकायला? तू मीठ दिलंस आन् सडा न्हेलास. मूठभर मिठाला डोंगर न्हेलास!"

मीठवाल्यानं फाटलेल्या गोण्या सोडून दिल्या आणि घाईनं राहिलेल्या गोण्या बैलांवर लादायला सांगितल्या. तेव्हा ठमाई त्यांच्या पुढं धावली. खिंड अरुंद होती, एका वेळी एक बैल जाईल एवढीच. ती खिंडीत आडवी पडली. कोयता तिनं फेकून दिला होता. "घाला बैल अंगावरनं," म्हणाली. "माझी हाडं बी मोडून न्ह्या. त्यांचं बी पीठ करा."

जानूनं तिला उचलायला हात घातला. तेवढ्यात वरून खुरांचा आवाज आला. काजळी पुढं आणि तिच्यामागं वाड्याच्या सगळ्या म्हशी, लंगडणाऱ्या, वाकलेल्या, दगड चाटणाऱ्या, सगळ्या दावी तोडून खिंडीकडे आल्या. ठमाईच्या दोन्ही अंगांना त्या शिंगाला शिंग लावून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे तांबडे झाले होते आणि नाकातून वाफ निघत होती. मीठवाल्याचे बैल जागेवरून हलले नाहीत. त्यांना मारलं, शेपट्या पिरगाळल्या, पण ते गुडघे टेकून बसले आणि हाडांच्या गोण्या उतरवल्या तेव्हाच उठले, असं म्हणतात.

मीठवाला मीठ घेऊनच परत निघाला. जाताना म्हणाला, "मीठ मागायला तुम्हीच खाली याल."

"येऊ की. लोणी घिऊन येऊ. हाडं घिऊन न्हाय."

आता तुम्हाला वाटेल की वाड्यानं ठमाईला डोक्यावर घेतलं असेल. नाही. वाड्यानं तिच्याशी बोलणं सोडलं. तिची चूल विझली तर कुणी विस्तव देईना. पोरांना तिच्या अंगणात जाऊ देईनात. ती एकटीच टोपल्या भरभरून सगळी हाडं हाडकीवर नेऊन ठेवत राहिली. थोडी हाडं तिनं घरी ठेवली, दगडी उखळात घालून कुटली आणि पेजेतून काजळीला पाजली. उखळात हाडं कुटते म्हणून बायकांनी नाकं मुरडली. काजळी मात्र भांडं चाटून पुसून ठेवी. काही दिवसांनी ती उठताना अडखळेनाशी झाली. तिला रानात सोडायचं कुणी पुन्हा बोललं नाही.

पण एका म्हशीनं काय होतं? जी हाडं बोटीनं गेली ती गेली. सगळ्या सड्याचा जीव इतक्या वर्षांत टोपल्यांनी खाली उतरला होता, आणि वाचली होती ती एका वर्षाची हाडं. दूधमाळाला ती कुठं पुरणार? हे ठमाईला कळत होतं. तिचा राग निवायच्या ऐवजी वाढत गेला.

मग एका संध्याकाळी ती पश्चिमेच्या कड्यावर जाऊन उभी राहिली. समुद्राची रेघ चकाकत होती. ठमाईनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडली, "ए दर्या! माझ्या म्हशी दे! तुझ्या पाठीवरनं न्हेल्या, तू बघत बसलास! आमचं आमाला दे!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं हात जोडले नाहीत, नवस बोलली नाही, नारळ ठेवला नाही. ती भांडत होती. "पाणी उचलून ढगात घालतोस, वर धाडतोस, पाऊस म्हणून मिरवतोस. नुसतं पाणी काय कामाचं? पाण्यानं हाड हुतं का? चोरा, अर्धंच परत करतोस! समदं दे!" वाड्यात लोक म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलं. खालच्या गावातले गुराखी कड्याखाली थांबून तिच्या शिव्या ऐकत आणि पाठ करून घरी नेत.

अशात जानूची सगळ्यांत चांगली म्हैस दारात उभी असता असता खाली बसली आणि उठली नाही. तिला हाडकीवर नेऊन, हळद लावून जानू परत आला तो घरी गेलाच नाही. कड्यावर जाऊन ठमाईच्या शेजारी उभा राहिला.

ठमाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "तोंड उघड," म्हणाली.

"काय म्हनू?"

"शिवी दे."

"दर्याला?"

"मग काय मला देतोस?"

जानूनं घसा खाकरला. आधी शिवी हळू आली. दुसरी जरा बरी आली. तिसरी देताना त्याला रडू फुटलं, आणि मग त्याचा आवाज असा चढला की वाड्यातली माणसं धावत बाहेर आली. त्यांतल्या कुणाच्या दारात मेलेलं जनावर नव्हतं? एकेक करून सगळे कड्यावर उभे राहिले. बायका, पोरं, म्हातारे. आणि सगळा गेळवाडा एका आवाजात समुद्राशी भांडला.

असं म्हणतात, की त्या संध्याकाळी समुद्राची रेघ हलली.

सकाळी खालून आभाळ पांढरं होत वर यायला लागलं. लोकांना वाटलं, धुकं आहे. पण धुक्याला आवाज नसतो. ते पक्षी होते. समुद्रावरचे पांढरे पक्षी, ज्यांना सड्यावरच्या कुणी कधी बघितलं नव्हतं. कोकण ओलांडून, घाट चढून, त्यांचे थवेच्या थवे येत होते, आणि प्रत्येकाच्या चोचीत मासा होता. ते सगळे हाडकीवर उतरले. मासे खाल्ले, काटे टाकले, शिटले आणि उडाले. दुसरे आले. दिवसभर येत राहिले, दुसऱ्या दिवशी आले, पाऊस लागेपर्यंत येत राहिले. सगळा कातळ पांढरा झाला. सड्यावर बंदरासारखा वास सुटला, जेवताना घास उतरेना. एक म्हातारा कुरकुरला, "वहिनीनं म्हशी मागितल्या, ह्यानं मासळी धाडली." ठमाई म्हणाली, "त्याच्याकडं जे हाय ते त्यो देणार. म्हशीचं हाड न्हाय, तर माशाचं. गवताला कुठं कळतंय?"

पाऊस आला आणि तो पांढरा थर धुऊन दूधमाळावर घेऊन गेला. पुढच्या वर्षी गवताला रंग आला. त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेली रेडकं सरळ पायांवर उभी राहिली. आणि एके दिवशी कुणीतरी ताक घुसळता घुसळता ओरडलं, की रवीला लोणी धरतंय. सगळ्या बायका आपापली कामं टाकून ते बघायला गेल्या. पहिला गोळा त्यांनी ठमाईच्या दारात नेऊन ठेवला. तिनं तो घेतला. पण हसली नाही.

जानूनं पुढं एकदा तिला विचारलं, "वहिनी, समदं सावरलं. आता तरी राग सोडा."

"का सोडू? सावरलं ते रागानं सावरलं. मी सोडला तर तुमी पुन्यांदा मीठ चाटाय जाल."

ती म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, "मला माती द्यायची ती हाडकीवर द्या. वर दगूड ठेवू नका, न्हायतर मी आतच आडकून पडंन."

लोक बिचकले. जानू म्हणाला, "ढोरांच्यात माणसाला कसं ठेवायचं, वहिनी?"

"ढोरांचं दूध पिऊन वाढले. गवताचं दूध, हाडाचं गवत. माझ्यात माझं आसं काय हाय, सांग."

 जानू तिचे पाय धरून बसला. म्हणाला, "राग तरी सोडून जा."

ठमाईनं डोळे उघडले. "राग न्हेत न्हाय मी. हितंच ठेवून चालले. तुमच्यासाठनं."

तिला हाडकीवर माती दिली. वाड्यातली सगळ्यांत थोरली बाई पुढं झाली, तिनं ठमाईच्या कपाळाला हळद लावली, आणि माणसाच्या कानाशी जे कधी कुणी म्हटलं नव्हतं ते म्हणाली. दोन पावसाळे गेल्यावर दूधमाळावर एक पट्टा असा उठला की त्यात शिरलेल्या म्हशीची शिंगं दिसेनात, असं म्हणतात. म्हशी तिथं चरायच्या आधी एकदा हंबरत, असंही म्हणतात.

गेळवाडा आजही आहे. छपरं कौलांची झाली, मीठ पुडीत येतं, आणि पांढरे पक्षी पुन्हा कुणी बघितले नाहीत. पण सड्यावरून हाड खाली जात नाही. लग्नाचं जेवण असो की देवाचा बोकड, पंगत उठली की हाडं वेचून टोपलीत जमा होतात. उन्हाळा संपत आला की एक दिवस ठरतो. त्या दिवशी कुठल्याही घरात मीठ वापरत नाहीत. पाहुणा आला तर त्यालाही अळणीच वाढतात आणि तोंड वाकडं केलंस तर उठ म्हणतात. नवी सून असेल तर वर्षभराची टोपली तिच्या डोक्यावर देतात, आणि नाकाला पदर लावू देत नाहीत. सगळी वस्ती हाडकीवर जाते, हाडं पसरते, आणि तिथून कड्यावर येते.

मग सगळे समुद्राकडे तोंड करून ओरडतात, "आमचं आमाला दे!" शहरात नोकरीला गेलेली पोरं या दिवशी येतात, पण त्यांना चारचौघांत ओरडायची लाज वाटते. ती ओठ हलवल्यासारखं करतात. मागं म्हाताऱ्या बायका उभ्या असतात, त्यांच्या हातात काठ्या असतात. त्या पाठीत काठी टोचून म्हणतात, "ठमाईचं नाव सांगतोस न्हवं? मग राग कुठं हाय तुझा? पुन्यांदा वरड. तितवर पोचलं न्हाय."